आधी रोडगा, मग अर्थ

गाण्याचा आतला अर्थ शोधायचा असेल, तर आधी त्याचा वरचा अर्थ पुरता लावा. एवढंच मला सांगायचं आहे, पण ते करायचं कसं हे सांगायला थोडी जागा लागेल.

मी नागपुरात गेली एकवीस वर्षं गाण्यांच्या कार्यक्रमांचं निवेदन करते. लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह, सिव्हिल लाइन्समधलं देशपांडे सभागृह, कोजागिरीला एखाद्या सोसायटीची गच्ची, कुणाकडची साठी, कुणाकडची मेंदी. वादक वाद्यं जुळवतात ती मिनिट-दीड मिनिटं माझी. तेवढ्यात पुढच्या गाण्याबद्दल जे बोलेन ते खरं असलं पाहिजे, म्हणून मी प्रत्येक गाण्याचं वहीत एक पान करते.

ही वही एका चुकीतून सुरू झाली. पावसाळ्यातला कार्यक्रम होता आणि यादीत कवी ग्रेस यांचं ‘ती गेली तेव्हा रिमझिम’ होतं. ग्रेस आमच्या नागपूरचे. इथल्या मॉरिस कॉलेजात त्यांनी मराठी शिकवलं. त्यामुळे त्यांच्या गाण्याला मी जरा जास्तच सजवून बोलले. तालमीत मी पहिल्या दोन ओळीच ऐकल्या होत्या. ‘ती’, ‘गेली’, ‘पाऊस’ एवढ्यावरून मी माइकवर प्रेयसीचा निरोप रंगवला. गायकानं सुरुवात केली, आणि दुसऱ्या कडव्यात ओळ आली: ‘ती आई होती म्हणुनी’. मी विंगेत उभी होते. हातातला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, तरी तो हातातच आहे असं वाटत राहिलं.

मध्यंतरात एक आजी आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, “बाळा, तू जिला प्रेयसी म्हणून राहिली होती ना, ती आई आहे त्याची. पुढचं ऐकलं नव्हतं का?” मी म्हटलं, “नव्हतं ऐकलं, आजी.” त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “माझा मुलगा हे गाणं लावते तेव्हा मी खोलीतून उठून जाते,” एवढं बोलून त्या चहाकडे गेल्या.

तेव्हापासूनचा पहिला नियम हा: गाणं अख्खं, शेवटच्या ओळीपर्यंत, स्वतःच्या हातानं उतरवून घ्या. मोबाइलवरून शब्द उचलून चिकटवू नका. तिथे फिरणाऱ्या शब्दांत चुका असतात, आणि दुसऱ्यानं टंकलेलं आपण वाचतो तेव्हा डोळा पुढे पळतो. गाणं लावा, थांबवा, लिहा, मागे न्या, पुन्हा ऐका. एका गाण्याला पाऊण तास लागतो. पण त्या पाऊण तासात ‘म्हणुनी’सारखा शब्द हाताखालून जातो, आणि हात थांबतो. ती आई होती ‘म्हणुनी’ रडलो. कारण सांगणारा शब्द आहे तो. पुढे अंगणात बालपण संपल्याची जाणीव आहे, खिडकीवर एकटा धुरकट कंदील आहे. हे सगळं लिहून झाल्यावर ‘ती गेली’ याचा वरचा अर्थच बदलतो, मग आतला अर्थ कुठे शोधायचा तेही बदलतं. पहिल्या दोन ओळींवर थांबलेल्या माणसाला पाऊस विरहाचा दिसतो. सगळं ऐकलेल्याला त्याच पावसात एक लहान मूल उभं दिसतं.

पान कसं आखायचं ते सांगते. वरच्या कोपऱ्यात तीन प्रश्नांची उत्तरं: कोण बोलतंय, कुणाशी, केव्हा. त्याखाली तीन रकाने. डावीकडे गाण्याचे शब्द, मधे वरचा अर्थ, उजवीकडे आतला अर्थ. पानाच्या तळाशी एक आडवी पट्टी, तिला मी ‘ऐकीव’ म्हणते. उजव्या रकान्यात काहीही लिहायचं असेल, तर डाव्या रकान्यातला कुठला तरी शब्द अधोरेखित झालाच पाहिजे. शब्द सापडत नसेल तर ते वाक्य खाली, ऐकीवात.

कोपऱ्यातले तीन प्रश्न सोपे वाटतात म्हणून लोक गाळतात. गाळू नका. संस्कृत काव्यशास्त्रात यासाठी एक जुनं उदाहरण दिलं जातं: ‘सूर्य मावळला’. वाक्य एकच, पण ऐकणाऱ्याप्रमाणे त्यातली सूचना वेगळी. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं या सूचनेलाच, म्हणजे ध्वनीला, काव्याचा आत्मा म्हटलं. मला मात्र हे नागपूरच्या मे महिन्यानं शिकवलं. आमच्या घरी संध्याकाळी आजी म्हणायची, “ऊन उतरलं.” आम्ही पोरं ते ऐकून चपला शोधायचो, कारण बाहेर खेळायची परवानगी मिळाली होती. आई गच्चीवरच्या कुरडया गोळा करायला वर जायची. काकू बर्डीच्या बाजारात जायची पिशवी काढायची. आजोबा कूलरच्या टाकीत पाणी किती उरलंय ते बघायचे. शब्द दोनच, आणि चार माणसं चार दिशांना. म्हणून गाण्यातली ओळ कुणी कुणाला म्हटली आहे हे ठरल्याशिवाय तिच्या सूचनेबद्दल बोलता येत नाही.

आता मधला रकाना. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बहुतेक चुका आतल्या अर्थात होत नाहीत, वरच्या अर्थात होतात. गाण्यातली वस्तू नेमकी काय आहे, कशाची आहे, किती किमतीची आहे, कुणाच्या घरात असते, हे माहीत नसताना माणूस थेट प्रतीकावर उडी मारतो.

एकनाथांचं भारूड घ्या: ‘सत्वर पाव गे मला, भवानी आई, रोडगा वाहीन तुला’. आमच्या गटातल्या एका तरुण गायिकेला मी विचारलं, रोडगा म्हणजे काय? ती म्हणाली, “काहीतरी नैवेद्य असेल.” ती पुण्याकडची, तिचा दोष नाही. पण आम्ही वऱ्हाड-नागपूरकडचे, आमच्या शेतावरच्या पंगती रोडग्याशिवाय होत नाहीत. माझ्या मामीच्या हातचा रोडगा सांगते. गव्हाचं जाडसर पीठ, मीठ, ओवा, घट्ट भिजवलेलं. पोळी लाटायची, तेल लावायचं, तिच्यावर दुसरी, मग तिसरी, आणि सगळं आवळून मुठीएवढा गोळा करायचा. अंगणात गोवऱ्या पेटवून आर झाला की गोळे त्यात पुरायचे. वरचं कवच करपेपर्यंत हात लावायचा नाही. मग बाहेर काढून फडक्यात घेऊन राख झटकायची, तळहातांत दाबून फोडायचा, आणि तूप आत सोडायचं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. बाहेरून कोळसा, आत पदर सुटलेला मऊ.

हे माहीत असलं की भारुडातला व्यवहार दिसतो. ती सून देवीला काय देते आहे? सोनं नाही, साडीचोळी नाही. राखेत भाजलेला गव्हाचा गोळा, गरिबाघरचं जेवण. आणि मागते काय? सासरा गावी गेला आहे, त्याला ‘तिकडेच खपवी’. सासू जाच करते, तिला ‘निर्दाळी’. जाऊ, नणंद, सगळ्यांचा हिशेब करत ती थेट नवऱ्यापर्यंत येते आणि म्हणते ‘मोकळी कर गे मला’. एका रोडग्यावर अख्खं घर. ऐकणारा हसतो. हे हसू वरच्या अर्थाचं आहे आणि ते हवंच. ज्याला इथे हसू आलं नाही त्याला पुढचं लागणार नाही.

पुढचं शेवटच्या ओळीत आहे: ‘एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला’. ‘एका जनार्दनी’ ही एकनाथांची नाममुद्रा, जनार्दन त्यांचे गुरू. ती मुद्रा आली की बोलणारी सून बाजूला होते आणि कोपऱ्यातलं ‘कोण बोलतंय’ याचं उत्तर बदलतं. आता ‘एकटी’ म्हणजे सगळे पाश गळून उरलेला जीव. ‘मोकळी’ या शब्दावर मागे जाऊन पुन्हा रेघ मारा, तो आधीच दोन्हीकडे पाय ठेवून उभा होता. मुक्ती हा शब्द न वापरता मुक्ती मागितली आहे, तीही चुलीपुढच्या बाईच्या तोंडानं.

कीर्तनात पुष्कळदा याहून पुढे जातात. सासरा म्हणजे अमुक विकार, सासू म्हणजे तमुक, अशी जोडी लावून दाखवतात. ऐकायला छान वाटतं, पण त्या जोड्या मी ऐकीवाच्या पट्टीत लिहिते, कारण या भारुडात तसा शब्द नाही. ‘विंचू चावला’मध्ये मात्र आहे. तिथे एकनाथ स्वतःच ‘काम क्रोध विंचू चावला’ म्हणून किल्ली हातात देतात, उतारा म्हणून सत्त्वगुणाचा अंगारा लावायला सांगतात. तिथे उजवा रकाना त्यांनीच भरलेला आहे. एकाच संताची दोन भारुडं, एक कुलूप उघडून दिलेलं, दुसरं ढकलून बघायचं. दोन्हींना एकच रीत लावू नका.

वरचा अर्थ लावताना एखाद्या ठिकाणी पाय अडखळतो. तिथे थांबा, कारण दार तिथेच असतं. शास्त्रात याला मुख्यार्थबाध म्हणतात, म्हणजे शब्दाचा नेहमीचा अर्थ तिथे चालत नाही. सोपं उदाहरण ‘नाच रे मोरा’मधलं. 1953 सालच्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातलं माडगूळकरांचं गाणं, आजही आमच्याकडच्या प्रत्येक बालवाडीत नाचलं जातं. त्यात ‘काळा काळा कापूस पिंजला रे’ अशी ओळ आहे. विदर्भातलं कुठलंही पोर सांगेल की कापूस पांढरा असतो. दारावरून पिंजारी गेलेला ज्यानं पाहिला आहे त्याला ते पिंजणं, ते उडणारे पुंजके, ती तार छेडल्यासारखी धून सगळं आठवतं. पण काळा कापूस कुणी पिंजलेला नाही. अडखळलो, वर पाहिलं, ढग दिसला. झालं. इथे अर्थ दोन पावलं चालतो आणि थांबतो. या मोरात आत्मा आणि ढगात परमात्मा शोधणारे भेटले आहेत मला. माझ्या वहीत त्या पानाचा उजवा रकाना दीड ओळीचा आहे आणि तो तेवढाच राहील. काही गाणी वरूनच पूर्ण असतात.

सुरेश भटांच्या ‘उषःकाल होता होता काळरात्र झाली’मध्ये अडखळ पहिल्याच ओळीत आहे. पहाटेनंतर ऊन येतं, रात्र येत नाही. निसर्गात जे होत नाही ते इथे झालं आहे, म्हणजे बोलणं निसर्गाचं नाही. पण इथवर सगळेच येतात. मला त्या गाण्यातला खरा दुवा दुसऱ्या ओळीत सापडला, आणि तो सापडायला तीन-चार वर्षं गेली: ‘अरे पुन्हा आयुष्यांच्या पेटवा मशाली’. ‘पुन्हा’. म्हणजे मशाली एकदा पेटल्या होत्या. कुणीतरी आधी लढलं, पहाट दिसेपर्यंत लढलं, आणि मग हातातोंडाशी आलेलं गेलं. आणि ‘आयुष्यांच्या’ हे अनेकवचन. एकाच्या जगण्यानं भागणार नाही, पुष्कळांनी जळावं लागेल. 1979 सालच्या ‘सिंहासन’ या राजकारणावरच्या चित्रपटात ते आलं, पण नंतर मोर्च्यांत आणि सभांत गायलं गेलं ते या ‘पुन्हा’च्या बळावर. कुठली पहाट, कुठला लढा, हे ओळीत नाही. म्हणून माइकवर मी कुठल्याच लढ्याचं नाव घेत नाही. श्रोते आपापलं घेऊन आलेले असतात.

बारक्या शब्दांची एक यादीच करून ठेवा: अजून, पुन्हा, तरी, तोच, म्हणून, उगाच. नामं सजावट करतात, गाण्याचा काळ आणि मनाची स्थिती हे शब्द सांगतात. भटांचंच दुसरं गाणं पाहा, कारण याच गाण्यावर मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात.

‘मेंदीच्या पानावर मन अजून झुलते गं, जाईच्या पाकळ्यांस दव अजून सलते गं’. मेंदीच्या कार्यक्रमाला हे हमखास मागतात. शब्दात मेंदी आहे, चाल गोड आहे, लताबाईंचा आवाज आहे. आता पान आखा. कोण बोलतंय? ‘गं’ आहे, म्हणजे एक बाई दुसरीशी, जिवाभावाच्या कुणाशी. केव्हा? ‘अजून’. दोन ओळींत दोनदा. आज मेंदी लागत असेल तर मन ‘अजून’ झुलेल कसं? काळ मधे गेला आहे, मेंदी केव्हाचीच उतरली आहे. आता ‘सलते’. दव सलत नाही. सलतो तो काटा, सलतं ते बोलणं. जगातली सगळ्यात हलकी गोष्ट, पाकळीवरचं दव, आणि तिला सलण्याचं क्रियापद. इतक्या मऊ वस्तूचीही जिथे कळ येते तिथे आत काहीतरी हुळहुळं आहे. हे मी उजव्या रकान्यात लिहिते आणि डावीकडे ‘अजून’, ‘सलते’ या दोन शब्दांखाली रेघ मारते. काय झालं, कुणामुळे झालं, ते लिहीत नाही. गाणं सांगत नाही.

मग मेंदीला ते म्हणू नये का? मी नाही म्हणत नाही. पण सुरुवातीला, मुली नाचत असताना ठेवत नाही. रात्र चढल्यावर, नवरीचे दोन्ही हात भरून ती बसलेली असते आणि भोवती आई, मावश्या, आत्या टेकलेल्या असतात, तेव्हा ठेवते. त्या बायकांना ‘अजून’ समजतं. एवढ्या वर्षांत त्या वेळी कुणी मोबाइलवर बोलताना मी पाहिलं नाही.

लावणीबद्दल थोडक्यात, कारण तिची वाट वेगळी. लावणीत दोन अर्थ एकाच वेळी चालायलाच हवेत, एकानं दुसऱ्याला खाऊन चालत नाही. सुलोचना चव्हाणांनी गायलेलं ‘फड सांभाळ तुऱ्याला गं आला’ मी बरीच वर्षं नुसतं ठसक्यासाठी ऐकत होते. ऊस आमच्या भागातला नाही. मी तो रसवंतीतच पाहिलेला. आमचा ढोलकीवाला साताऱ्याकडचा. त्याला विचारलं तेव्हा वरचा अर्थ कळला. उसाला तुरा येतो म्हणजे फुलोरा येतो. मग त्याची वाढ थांबते, आणि वेळेत तोडला नाही तर कांडी आतून पोकळ पडत जाते, साखर उतरते. कोल्हा फडात शिरून ऊस खातो, हेही खरं. आणि फड उसाचा असतो तसा तमाशाचाही. हे कळल्यावर ‘तुझ्या उसाला लागंल कोल्हा’मधली ‘लागंल’ ही भविष्यातली क्रिया ऐका. अजून काही घडलेलं नाही. गाणं इशाऱ्याचं आहे, आणि सगळी गंमत त्या न घडलेल्यात आहे. आता ‘कोल्हा म्हणजे पुरुष’ असं माइकवर फोडून सांगितलं तर गाणं तिथेच बसतं. मी फक्त तुऱ्याचं सांगते, तुरा आला की ऊस किती दिवस थांबतो ते, आणि ढोलकीकडे बघते. बाकीचं सभागृह करतं.

हाच नियम सगळ्याच निवेदनाला लावा: उजवा रकाना स्वतःसाठी, श्रोत्यांना मधला सांगायचा. रोडगा कसा भाजतात ते सांगा. दव सलत नाही एवढं सांगा. आई हा शब्द दुसऱ्या कडव्यात येतो, तर तो आधी सांगून टाकू नका. मी आता त्या गाण्याआधी एवढंच म्हणते, “ग्रेस यांची कविता आहे, शेवटच्या ओळीपर्यंत ऐका.”

घरी सुरुवात करायची असेल तर चालू हवेतलं, घाईनं पसरलेलं गाणं घेऊ नका. तुम्हाला पाठ आहे असं वाटणारं एक जुनं गाणं घ्या. उतरवताना निदान दोन शब्द असे निघतील जे तुम्ही आजवर चुकीचे गुणगुणत होता. तिथून काम सुरू करा. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाकडून त्याच गाण्याचं वेगळं पान करून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवा. मी हे माझ्या सासूबाईंबरोबर करते. त्या शाळा चौथीपर्यंत शिकल्या आहेत, पण जात्यावर, शेतात, चुलीशी आयुष्य गेलं आहे. त्यांचा मधला रकाना माझ्यापेक्षा नेहमी भरलेला असतो.

एक पान मात्र अकरा वर्षं तसंच आहे. ग्रेस यांचंच: ‘भय इथले संपत नाही, मज तुझी आठवण येते’. वरचा अर्थ सोपा आहे, दोन सरळ विधानं. पण पहिल्यावरून दुसरं कसं निघतं? भय आहे म्हणून आठवण येते, की आठवण येते म्हणून भय संपत नाही? मधे ‘म्हणून’ नाही. ‘तरी’ नाही, ‘आणि’ नाही. बारक्या शब्दांची माझी सगळी यादी घेऊन बसले तरी त्या दोन वाक्यांच्या मधे काहीच सापडत नाही. सासूबाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “अंधारात पोरगं आईला हाक मारते, तसं आहे ते.” मी ते ऐकीवाच्या पट्टीत लिहून ठेवलं आहे. उजवा रकाना कोरा आहे. पुढच्या महिन्यात रेशीमबागेच्या सुरेश भट सभागृहात ते गाणं यादीत आहे, आणि त्याआधी मी फक्त कवीचं नाव घेणार आहे.